भोपाळचा समुद्र

मॉरिशसला जाताना मी बाबांना सांगितलं, भोपाळला टूर आहे.

टूर म्हटलं की आमच्या घरात पुढे कोणी काही विचारत नाही. बाबांचा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत आणि दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेला. रजा घ्यायची ती आजारपणाला, लग्नाला नाहीतर मयताला. मीही तसल्याच नोकरीत आहे. निघताना त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं. थोडं खाली सांडलं. म्हणाले, "काम नीट उरकून ये. इकडची काळजी करू नकोस."

खरं सांगायचं तर मला रजेबद्दल ते काय म्हणतील याची भीती नव्हती. "मलाही ने" म्हणतील, याची होती. बाबा वेंगुर्ल्याचे. विशीत दिल्लीला आले, आणि आई गेल्यापासून त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आता फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असतो. मी ऑफिसात असताना त्यांचं बघायला एक बाई येते; मी टूरवर असलो की रात्रीही थांबते. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की त्यांच्या हाका सुरू होतात. मला काही दिवस त्या हाका नको होत्या.

मॉरिशसला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसने डोंगरात गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मग दाट झाडी आणि वळणं. वर उतरून पायवाटेने कड्यापर्यंत चाललो. खाली हिरवट निळं पाणी आणि दूरवर लाटांची एक पांढरी रेघ. शेजारच्या जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. काढला. माझा काढू का, असं त्यांनीही विचारलं, पण मी नको म्हणालो. तो फोटो दाखवणार कोणाला?

कोणी हाक मारत नव्हतं. हेच तर हवं होतं, असं मी मनाला दोनतीनदा बजावलं.

उतरताना एका टपरीवर डाळ भरलेल्या पातळ पोळ्या मिळत होत्या. मी एक मागितली. टपरीवालीने जुन्या वळणाच्या हिंदीत सांगितलं की ही जोडीनेच मिळते. मग माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं.

"अकेले?"

"हां."

एक खाल्ली. दुसरी कागदात तशीच राहिली.

दुपारी दुसऱ्या बसने दक्षिण किनाऱ्यावर पोचलो. इथे लाटा थेट खडकांवर येऊन आपटतात. तिकडे बाबांची चहाची वेळ झाली असणार, म्हणून फोन लावला. बाईने उचलून त्यांच्या कानाला लावला.

"चहा झाला का, बाबा?"

"झाला. फिका होता. तुझी मीटिंग?"

"चाललीय."

"आवाज कसला येतोय रे?"

"पंखा आहे. गेस्ट हाउसचा, जुना."

"थांबून थांबून फिरतोय?"

मी हसल्यासारखं केलं. "नाही, म्हणजे... इथे जवळ तळं आहे ना मोठं."

"भोपाळला तळं आहे, माहितीय मला. तळं असं आपटत नाही."

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. आत्ता टीव्हीचा आवाज म्हणून सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी मान्य केलं असतं. ते माझं बरंच काही मान्य करतात.

"बाबा, मी भोपाळला नाहीये. रजा घेतलीय. परदेशात आलोय, फिरायला."

"अच्छा."

लाइन कापली गेली की काय, म्हणून मी फोन कानावरून काढून पाहिला.

"एकटाच?"

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी काय, ये म्हटलं तरी या गुडघ्यांनी येणार होतो?"

ओठांवर मीठ होतं, वाऱ्याने उडवलेलं.

"भरती आहे का?" त्यांनी विचारलं.

"कळत नाही मला."

"तुला कसं कळणार! दिल्लीत वाढलास. फोन पाण्याजवळ ने. मी सांगतो."

मी बुटांसकट खडकांवरून खाली उतरलो आणि हात लांब करून फोन धरला. एक लाट आली, गुडघ्यांपर्यंत भिजवून गेली. मग दुसरी. फोन कानाला लावला तेव्हा बाई हळू आवाजात बोलत होती.

"भैया, काटना मत। बाबूजी सुन रहे हैं।"

मी पुन्हा हात लांब केला.