आवाज अडवणारी भिंत

कामतघरला आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता, त्यामुळे आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. वडील जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आई शेजारणींबरोबर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, तिचेही कान मंदावले होते. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं, यात वेगळं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. ठाण्याला इंटिरियर डेकोरेशनच्या क्लासात पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, कुठून येतेस? मी "भिवंडी" हा शब्द इतक्या जोरात उच्चारला की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. मुली हसल्या. मी खाली बसले ती दिवाळीपर्यंत वर्गात फारशी बोललेच नाही.

या क्लासात मी आले ती शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंमुळे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड होती. बारावी झाल्यावर गावाकडचे सगळे म्हणत होते, पोरीला डी.एड. करू दे, मास्तरीण होईल. आमचं गाव दापोड्याजवळ, भातशेतीचं. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलगी म्हणजे मास्तरीण किंवा नर्स, तिसरं काही कोणाच्या डोळ्यासमोर नव्हतं. बाईंनी घरी येऊन वडिलांना या कोर्सबद्दल सांगितलं. त्या गेल्यावर वडिलांनी मला विचारलं, तिथं नक्की काय शिकवतात? मी म्हणाले, माणसांना नीट राहता यावं, वावरता यावं, अशी खोली कशी करायची ते.

वडिलांनी आमच्या खोलीभर नजर फिरवली. एका कोपऱ्यात मोरी, तिला लागून स्टो, पलंगाखाली ट्रंका, पलंगावर गाद्यांचा ढीग.

"त्याची तर लय गरज हाय," ते म्हणाले. विषय तिथेच मिटला.

भिवंडी आगारातून ठाण्याची एसटी पकडायची. एका हातात ड्रॉइंग बोर्ड, काखेत टी-स्क्वेअर, खांद्याला शीट्सची नळी. काल्हेरच्या गोदामांपाशी ट्रकच्या रांगा लागलेल्या असायच्या. बस तिथे अडकली की मी बोर्ड गुडघ्यावर घेऊन अर्धं राहिलेलं अक्षरलेखन पुरं करायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. गर्दी असली तर तो लोकांना बजावायचा, बाईंच्या तलवारीला धक्का लावू नका.

पहिल्या वर्षी माझं काम वाईट होतं. आळशीपणा नव्हता, पण जे काढायला सांगत ते मी पाहिलेलंच नव्हतं. पाहुण्यांची बेडरूम काढा, दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट आणि बसायची जागा करा. आमच्याकडे पाहुणे आले तर पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर झोपायची. मी मासिकांतले फोटो बघून सोफे काढायचे, ते इतके मोठे व्हायचे की दार उघडायला जागा उरायची नाही. सर लाल पेन्सिलीने दार कुठवर उघडतं त्याचा कंस काढून दाखवायचे, बस्स. रागवायचे नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

हळूहळू हात बसला. प्लाय आणि ब्लॉकबोर्डमधला फरक मी डोळे मिटून सांगू लागले. सनमायकाचे जोड कुठे घ्यायचे, उजेड कोणत्या बाजूने आला की वाचणाऱ्याच्या हाताची सावली पानावर पडत नाही, ओट्याची उंची स्वयंपाक करणारीच्या कोपरावरून कशी ठरते, हे सगळं मला आवडायला लागलं. पण माझा सगळ्यात लाडका तास आवाजाचा निघाला. एक बाहेरचे सर नाट्यगृहांच्या भिंतींबद्दल शिकवायला आले होते. त्यांनी सांगितलं, कडक भिंतीवर आवाज आपटून परत येतो, मऊ वस्तूत तो मुरतो. मग त्यांनी मऊ वस्तूंची नावं घेतली. त्यात कापड होतं, कापूस होता. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतली चिंध्यांची पोती आली. लूममधून निघालेलं वाया गेलेलं कापड आणि सूत आमच्याकडे जिथे तिथे पडलेलं असायचं, आणि आम्ही त्याच गल्लीत बहिरे होत होतो.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा प्रोजेक्ट निवडायचा होता. कोणी हॉटेलची लॉबी घेतली, कोणी लोणावळ्याचा बंगला. माझं ठरत नव्हतं. त्याच सुमारास आईचं दुखणं सुरू झालं. ती सांगत काही नव्हती, पण बसता उठता भिंतीचा आधार घ्यायची, चेहरा पांढरा पडला होता. मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

कामतघरच्या त्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई बसायच्या. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या, मुंबईला शिकलेल्या. बायकांना लेडी डॉक्टर मिळाली म्हणून सगळी वस्ती खूश होती. जागा मात्र पूर्वीच्या लूमच्या शेडची. वर सिमेंटचे पत्रे, शेजारी चालू कारखाना. बाहेरचा बाक आणि डॉक्टरबाईंचं टेबल यांच्या मध्ये प्लायचं पार्टिशन, तेही डोक्याएवढंच. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय होतंय? आईला ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला. मग त्यांना ओरडूनच विचारावं लागलं, अंगावरून किती जातं? बाहेरच्या बाकावर आमच्या चाळीतल्या बायका होत्या, आणि वडिलांच्या कारखान्यातला मुकादम होता. आईने पदर सावरला, पोटात थोडं दुखतं एवढंच म्हणाली, आणि गोळ्या घेऊन उठली.

रस्त्यात मी तिला विचारलं, खरं का नाही सांगितलंस?

"समद्या गल्लीला ऐकू गेलं असतं," ती म्हणाली. "न्हाय सांगितलं मी."

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, माझा प्रोजेक्ट दवाखाना. त्यांना ते पटलं नाही. दवाखान्यात इंटिरियर काय करणार, पांढरा रंग आणि एक बाक, असं ते म्हणाले. मग मी आईचं सगळं सांगितलं. दिवाळीनंतरही मी वर्गात कामापुरतंच बोलत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा बराच वेळ बोलले, आणि माझ्या मूळच्या आवाजात बोलले. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "मग आवाजावर काम कर. रंगाचं नंतर बघू."

डॉक्टरबाईंना विचारायला गेले तेव्हा दुपारची वेळ होती, बाक रिकामा होता. मी सांगितलं की तुमच्याकडे बायका खरं बोलत नाहीत, कारण बाहेर सगळं ऐकू जातं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मला वाटायचं, या बायका मुळातच कमी बोलतात," त्या म्हणाल्या.

नुसतं कागदावर काढू नकोस, करूनच दाखव, असं त्यांनीच सांगितलं. अट एकच, दवाखाना एक दिवसही बंद राहता कामा नये. त्यांच्या भावाच्या लूममधून चिंध्या मिळाल्या, सुतार त्यांच्याच ओळखीचा होता. आवाजाच्या तासाला आलेल्या सरांना मी गाठून विचारलं, तेव्हा त्यांनी चिंध्या तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वाळवायला सांगितलं, म्हणजे सहज पेट घेणार नाहीत. आई आणि शेजारणींनी त्या गच्चीवर वाळवल्या. कशासाठी ते आईला मी नीट सांगितलं नव्हतं, परीक्षेचं काम आहे म्हटलं होतं. उंदीर लागू नयेत म्हणून मागून बारीक जाळी, पुढून मांजरपाट, मधे दाबून भरलेल्या चिंध्या, अशा चौकटी करून आम्ही भिंतींवर बसवल्या.

काम झाल्यावर मी वर्गातल्या एका मैत्रिणीला आत बसवून डॉक्टरबाईंसारखं आवाज चढवून वर्तमानपत्र वाचायला लावलं. क्लासच्या पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसली होती ती हीच. आता ती माझ्यासाठी ठाण्याहून आली होती. मी बाहेरच्या बाकावर बसले. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. उलट आतला घुमारा कमी झाल्यामुळे पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आला.

मी तिथेच रडकुंडीला आले. मैत्रीण पत्र्याकडे बघत बसली होती. ती म्हणाली, अगं, हे पार्टिशन वर उघडंच आहे की. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मऊ भिंतीत आवाज मुरतो हे खरं, पण वरून निघून जाणारा आवाज ती कशी अडवणार? मी नव्याने कामाला बसले. पार्टिशन दुहेरी केलं, मधे मोकळी जागा ठेवून, आणि थेट छतापर्यंत नेलं. आतल्या बाजूला पत्र्याखाली चौकटींचंच छत दिलं, हवेसाठी मागच्या बाजूला खिडकी पाडली. दाराच्या कडांना नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी लावली. आणि सगळ्यात शेवटी टेबल फिरवलं. डॉक्टर एका बाजूला आणि पेशंट समोर, असं मधे टेबल असलं की अंतर पडतं, अंतर पडलं की आवाज चढतो. मी पेशंटची खुर्ची टेबलाच्या कोपऱ्याशी, डॉक्टरबाईंच्या अगदी जवळ घेतली. कानाशी बोललं तर ओरडायला लागत नाही, इतकी ती साधी गोष्ट होती.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मोठे डिझायनर होते. लॉबी आणि बंगले बघून ते माझ्या शीट्सपाशी आले. चिंध्या बघून त्यांनी भुवया उंचावल्या. आगीचं विचारलं, उंदरांचं विचारलं, धुळीचं विचारलं. मांजरपाटाची खोळ काढून धुता येते, असं मी म्हणाले. मग ते म्हणाले, तिथे शेजारी लूमचा एवढा आवाज असतो, त्यातच बोलणं बुडून जात असेल, तुझ्या भिंतीने काय केलं हे कसं कळणार? प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. तुम्ही शुक्रवारी या.

आणि ते खरोखरच आले. सरांना गाडीत घेऊन शुक्रवारी संध्याकाळी कामतघरला उतरले. शुक्रवारची आमची गल्ली म्हणजे कानात दडे बसल्यासारखी शांत. परीक्षक बाकावर बायकांच्या शेजारी बसले. एकीने त्यांना विचारलं, तुमाला काय होतंय? ते हसून म्हणाले, काही नाही, सहज आलोय. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात.

मी दाराशी उभी होते, तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने आई आली. ती येणार हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे न बघता ती रांगेत बसली, नंबर आला तशी आत गेली आणि दार लागलं.

बराच वेळ गेला. परीक्षक घड्याळाकडे बघत नव्हते, ते कान देऊन बसले होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "आत कोणी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "माझी आई आत गेल्यापासून बोलतेय."

 परीक्षकांनी उठून दाराच्या कडेवरून हात फिरवला, पार्टिशनवर बोटांनी टकटक केली, आणि सरांकडे वळून म्हणाले की आता दुसरं काही बघायची गरज नाही. मी त्या वर्षी क्लासात पहिली आले. निकाल लागला तेव्हा वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले, आणि ज्यांनी मला मास्तरीण करायला सांगितलं होतं त्यांना मुद्दाम गावी जाऊन वाटले.

त्या शुक्रवारी आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मोठ्या इस्पितळासाठी लिहिलेली चिठ्ठी होती. गर्भाशयात गाठी निघाल्या. ऑपरेशन वेळेत झालं. उन्हाळा संपेपर्यंत ती पुन्हा शेजारणींबरोबर कामावर जाऊ लागली. डॉक्टरबाई मला नंतर म्हणाल्या की त्यांचे पेशंट तेवढेच आहेत, पण आता एकेकीला वेळ फार लागतो.

दवाखान्यामुळे मला पुढची कामं मिळाली. आधी एका दातांच्या डॉक्टरांचं, मग एका शाळेच्या वाचनालयाचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काल्हेरला गोदामं भराभर उठत होती, आणि एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठना गोदामाच्या आत माळ्यावर ऑफिस करून हवं होतं. मी टेप आणि शीट घेऊन गेले. शेठ फोनवर होते. त्यांनी मला खुर्ची दाखवली, पाणी मागवलं, फोन ठेवला आणि विचारलं, "मॅडम, साहेब कब आयेंगे?"

"साहेब नाहीत," मी म्हणाले. "काम मीच करते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं. बाहेर ट्रकमधून कापडाचे गठ्ठे उतरत होते, हमालांची आरडाओरड चालू होती. मी चप्पल काढून जिना चढले आणि मागोमाग वर आलेल्या शेठच्या हातात टेपचं एक टोक दिलं. शेठ ते धरून भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी दुसरं टोक घेऊन खिडकीकडे चालत गेले आणि मापं घ्यायला लागले.