बारीक धार

कागद बाबांच्या हातात होता आणि मॅनेजरच्या टेबलावर शाईचं पॅड उघडून ठेवलेलं होतं. मी शाळेतून थेट तलावावर गेले म्हणून वेळेत पोचले, नाहीतर अंगठा उठला असता. कागद ओढून घेतला आणि वाचला. तीन ओळी होत्या. बोटीतला एसी चालकाने चुकीचा वापरल्यामुळे बिघडला, चालकाला हे मान्य आहे, आणि म्हणून बोट चालवणारी एजन्सी त्याला कामावरून कमी करत आहे.

"यात काय लिवलं, माहीत हाय का तुमाले?" मी बाबांना विचारलं.

"हजेरीचा कागद हाय म्हने."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी बीएस्सी झाले, इथून जवळच्याच मालेगावला शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण ज्या माणसाने मासे विकून मला शिकवलं, त्याच्याच अज्ञानाचा कोणी असा वापर करत असेल तर डोकं ठिकाणावर राहत नाही. त्या दिवशी नव्हतंच.

बाबांचं सगळं आयुष्य या तलावात गेलं. पाण्याखाली बाभळीची खोडं कुठे आहेत, कुठे गाळ चढलाय, हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. पोहरादेवीच्या दर्शनाला येणारे लोक इकडेही वळतील या हिशेबाने तलावावर काचेच्या बंद खोलीची एसी बोट आली, तेव्हा एजन्सीला बाबांवाचून दुसरा माणूस मिळाला नाही. खाकी शर्ट मिळाला, महिन्याचा पगार सुरू झाला. उतारवयात पहिल्यांदाच त्यांचं पोट जाळ्यात काय येतं त्यावर अवलंबून नव्हतं.

आणि मग तो एसी बंद पडायला लागला. सुरू केला की दहा मिनिटं गार, मग कॉम्प्रेसर थांबायचा. थोड्या वेळाने पुन्हा चालू, पुन्हा बंद. आत बसलेली माणसं काचेच्या खोलीत उकडून निघायची आणि उतरताना बाबांना बोलायची. शहरातून मेकॅनिक दोनदा आला, दोन्ही वेळा गॅस भरून गेला. तिसऱ्यांदा फोनवरच सांगितलं, ऑपरेटर सारखा चालू-बंद करतो म्हणून असं होतं.

"मॅडम, तुम्ही शाळा सांभाळा," मॅनेजर म्हणाला. "हे टेक्निकल आहे."

"उद्या सकाळी मला बोट चालू करून द्या," मी म्हटलं. "बिघाड नाही सापडला, तर या कागदावर मी स्वतः यांचा अंगठा घेऊन देते."

रविवारी साहेबांचे पाहुणे बोटीवर येणार होते. साहेब म्हणजे ज्यांच्या शब्दावर एजन्सीला हे काम मिळालं ते पुढारी. त्यामुळे मॅनेजर पटकन हो म्हणाला. बाबा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. जेवतानाही नाही.

सकाळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर घेऊन गेले. बोटीचं माहितीपुस्तक मॅनेजरच्या कपाटात कोऱ्या पिशवीत तसंच पडलेलं होतं, इंग्रजीत. कोणी उघडलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळीच ते मागून घेऊन मी रात्रीतून वाचून काढलं होतं. घरचा एसी आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. बोटीचा तसं करत नाही. तो बोटीच्या बुडातल्या भोकातून तलावाचं पाणी ओढतो, त्या पाण्यात उष्णता सोडतो आणि ते पाणी बाजूच्या नळीतून परत तलावात टाकतो. एवढंच ते यंत्र.

मी व्होल्टेज मोजलं. ठीक. हवेची जाळी काढून पाहिली. स्वच्छ. पाण्याची जाळी उघडली, तीही स्वच्छ. नवव्या मिनिटाला कॉम्प्रेसर थांबला आणि एसीच्या पट्टीवर दोन अक्षरं उमटली. पुस्तकात त्यांचा अर्थ दिला होता: आतला दाब वाढला.

"त्यानं गॅस जास्त भरला," मी म्हटलं. "गॅसचाच घोळ हाय."

"धार पाय," बाबा बाजूच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाले.

"थांबा बाबा, जरा."

"मी काय म्हनून राह्यलो, धार पाय नं."

"थांबा म्हटलं नं."

पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत बोटीच्या कडेला नेलं. बाजूच्या नळीतून पाणी पडत होतं. सुरुवातीला धार अंगठ्याएवढी जाड. मग हळूहळू बारीक. सहाव्या मिनिटाला सुतळीएवढी राहिली आणि थोड्याच वेळात कॉम्प्रेसर बंद.

"पयल्या दिसापासून असंच होऊन राह्यलं. मेकॅनिकले सांगतलं त तो म्हने, काका, चहा आना. मॅनेजरले म्हटलं, बुडाखाली जाऊन पायतो, त म्हने नियम नाई."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"आता कोनाले सांगून राह्यलो होतो?"

मला मेकॅनिकचा राग होता, मॅनेजरचा होता. पण मीही तेच केलं होतं, तेही पुस्तक हातात धरून. तो स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

पाणी ओढणारा पंप बंद करून पाच मिनिटांनी सुरू केला की धार पुन्हा जाड. म्हणजे पंपाने ओढलं की काहीतरी भोकाला चिकटत होतं आणि पंप थांबला की सैल पडत होतं. मी हे मॅनेजरला समजावत होते तोवर बाबांनी शर्ट काढला. "काका, बोटीखाली जायचं नाही," असं मॅनेजर म्हणेपर्यंत ते पाण्याखाली होते.

वर आले तेव्हा हातात एक हिरवा खण होता. शेवाळ धरलेला, एक कोपरा भोकात ओढला जाऊन दोरीसारखा पिळलेला. काठाची जर अजून दिसत होती.

काठावरच्या सगळ्यांनी तो ओळखला. तलाव भरला की आमच्याकडे बाया पाण्याची ओटी भरतात, पण काठावर उभं राहून. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांच्या घरच्या बाईंनी फोटोसाठी बोटीवरूनच भरली होती, मागच्या पायरीवर वाकून. आत पाहुण्यांसाठी एसी चालू होता. नारळ तरंगत गेला आणि खण खाली ओढला गेला.

एसी सुरू केला. पाऊण तास झाला तरी धार जाडच होती. जास्तीचा गॅस पुढच्या आठवड्यात त्याच मेकॅनिकला येऊन काढावा लागला.

"हे बाहेर बोलू नका," मॅनेजर म्हणाला आणि रजिस्टरात लिहायला लागला: तांत्रिक बिघाड, दूर केला.

"चालकाची चूक नव्हती, असं लिहा."

"त्याची गरज काय आता?"

"काल तीन ओळी लिहायची गरज होती, तर आज एक लिहा. नाहीतर हा खण मी तिकीट खिडकीवर वाळत घालते. कोणाच्या घरचा म्हणून विचारतीलच लोक."

त्याने लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मी त्याला ते बाबांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाबांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांनी खण पिळला, त्यात एक दगड बांधला आणि आपल्या मासेमारीच्या जुन्या डोंग्यात जाऊन बसले.

"ज्याईच्यापायी तुमाले कामावरून काढत होते, त्याईच्याच घरचा हाय तो," मी म्हटलं. "फेका तिकडं."

"त्याईचा कुठचा? पान्याले देल्ला नं. पान्याचा हाय."

मधल्या खोल भागात, जिथे बोट जात नाही, तिथे त्यांनी तो सोडला. मी काठावर उभी होते, हातात कालचा कागद, अंगठ्याची जागा कोरी. तो फाडून त्यांना दाखवावा असं मनात होतं. डोंगा काठाला लागला. बाबा उतरले, दोरी खुंट्याला बांधली, आणि कालपासून पोटात ठेवलेलं तेव्हा बोलले.

"अन् नसतं सापडलं त? घेतला असता माहा अंगठा?"

हातातल्या कागदाची मी घडी घातली. त्यांनी खाकी शर्ट ओल्या अंगावरच चढवला आणि बोटीकडे गेले.