बसतं काम

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार वर्षं मी एका कचेरीत पंखा ओढला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या हेडकारकुनाची नातवंडं अजून तिथेच राहतात आणि मला या वयात भांडणं नकोत. आपल्या वाशीमच्याच मुलखातलं, आसेगावाहून पायी अर्ध्या दिवसावरचं गाव, एवढं पुरे. वीज तेव्हा यायची होती. साहेबांच्या डोक्यावर छताला एक लांब लाकडी दांडा टांगलेला, त्याला खाली कापडाची झालर. दांड्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या पडवीत यायची आणि तिच्या टोकाला मी. पडवी पश्चिमेची. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत दुपारचं ऊन सरळ माझ्या मांडीवर, आणि माझ्याच हातानं निघालेला वारा भिंतीपलीकडे. मला त्यातली एक झुळूकही कधी मिळाली नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

माझ्या कामाला कचेरीत ‘बसतं काम’ म्हणत. मला ठेवताना हेडकारकून म्हणाले होते, “बसतं काम आहे, त्याला असं किती द्यायचं?” झालं, त्या एका शब्दावर माझा पगार ठरला. चपराशाला माझ्या दुप्पट मिळायचं, आणि तेही बारा महिने. तो दारात उभा राहायचा म्हणून त्याचं काम उभं. खरं तर अर्धा दिवस तो स्टुलावर पेंगत असे, आणि हे तो स्वतःच हसत कबूल करी. साहेबही दिवसभर बसूनच असत. पण खुर्चीतल्या बसण्याला कोणी बसतं काम म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

दोरी कोणीही ओढतं. ती परत जाताना हातातून किती हळू सोडायची, हे खरं काम. एकदम सोडली की दांडा हिसका घेतो आणि टेबलावरचे कागद उडतात. फार धरून ठेवली की वारा पडतो आणि आतून ओरडा येतो. मला आतलं काही दिसत नसे. भोकातून आवाज तेवढे यायचे. हात बधिर झाला की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, माशा बसल्या तर बसू द्यायच्या, लघवीला जायचं तर साहेब उठेपर्यंत थांबायचं. समोर चुन्याची भिंत. तिच्यावरचे सगळे पोपडे मला पाठ होते. पण हात असा बसला की पहिल्या तीन उन्हाळ्यांत एक कागद हलला नाही. मूर्खासारखा मला त्याचा अभिमान होता.

लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि बायको आसेगावला माझ्या थोरल्या भावाकडे होती. दोन खणांचं घर, भाऊ, वहिनी, त्यांची चार पोरं. मी रविवारी जाई तेव्हा आम्ही दोघं विहिरीवर बोलायचो, तेही घागर भरेपर्यंतच. कचेरीच्या गावात मी एक खोली बघून ठेवली होती. घरमालकानं विचारलं, “चार महिने पंखा, मंग बाकीच्या दिवसात काय करशीन?” बाकीच्या दिवसांत मी दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करी, मिळाली तर. खोली बारमाही नोकरीवाल्यालाच द्यायची, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. बायको दर रविवारी एकच विचारायची, “खोलीचं काय झालं?” आणि मी दर रविवारी घागर उचलून तिच्या डोक्यावर द्यायचो.

चौथ्या उन्हाळ्यात चपराशी निवृत्त व्हायचा होता. गावातल्या विणकर मुसलमान घरातला माणूस, मी त्याला चाचा म्हणायचो. मी मराठी चौथी पास होतो. त्याच्या जागेसाठी माझा अर्ज मीच लिहिला, वळणदार अक्षरात. अर्ज आत गेला त्या दिवशी मी पडवीत कान देऊन दोरी ओढत होतो. हेडकारकुनांनी वाचून दाखवला. साहेब म्हणाले, “मुलगा चांगला आहे. पण मग पंखा कोण ओढणार? याच्यासारखा हात दुसऱ्याला नाही.” आणि अर्ज बाजूला राहिला. माझ्या तोंडावर कोणी नाही म्हटलं असतं तर परवडलं असतं. मी आपला ऐकत ओढत राहिलो, कारण ओढणं थांबवलं असतं तर मी ऐकतोय हे कळलं असतं.

चाचाला सांगितलं तर तो म्हणाला, “भाऊ, तुया हातच तुया दुश्मन हाय. थोडा बिघडव न त्याले. दोन-चार कागद उडू दे. साहेब खुदच म्हनतीन, याले इथून हलवा.”

“मुद्दाम बिघडवू?”

“कायले सांगतं कोनाले मुद्दाम म्हनून?”

सांगायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी ठरवत होतो आणि हात आपला सवयीनं नीट चालत होता. माझाच हात माझं ऐकेना. शेवटी दुपारी डोळे मिटले आणि दोरी सोडून दिली. आत फडफड झाली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. दौत कलंडल्याचा आवाज आला, कोणीतरी “अरे अरे” म्हणालं. मग खुर्ची सरकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा साहेब स्वतः पडवीत आले.

मला वाटलं, आता शिव्या. त्या खाऊन मी म्हणणार होतो की माझ्याच्यानं पंखा होत नाही, दुसरं काम द्या. पण साहेब ऊन बघत होते, माझी भिजलेली बंडी बघत होते. ते हळू आवाजात म्हणाले, “हाताला काही झालं आहे का रे?”

तेवढ्या मायेनं कचेरीत कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. खरं सांगायची हिंमत गेली. मी म्हणालो, “हो साहेब. लय दुखून राह्यला.”

त्यांनी प्यायला पाणी पाठवलं. अर्ध्या दिवसाची सुटी दिली आणि पगार कापू नका असंही हेडकारकुनांना सांगितलं. पंधरा दिवसांनी चपराशाचा पट्टा दुसऱ्याच्या कमरेला लागला. चाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, “साहेब तं तुयं नाव घेतच होते. मंग म्हने, त्याचा हात गेला हाय, डाक घेऊन इथल्या मालेगावपर्यंत कसा जाईन? त्याले बसतंच काम राहू द्या.” साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

त्या रविवारी आसेगावला पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. बाजाराला आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं की याचा हात कामातून गेला. बायको विहिरीवर नव्हती. ती ओसरीवर वाटीत तेल कोमट करून बसली होती, सगळ्यांच्या देखत. एरवी भाऊ समोर असला की ती माझ्याकडे मान वर करून बघतही नसे. वहिनी पोरांना घेऊन आत गेली.

“काहून सांगतलं नाई मले?” ती म्हणाली. माझा उजवा हात तिनं ओढून मांडीवर घेतला आणि खांद्यापासून चोळायला लागली. “मी आपली दर खेपी खोली खोली करत होतो. आता नाई म्हनत. काढून टाका ते डोक्यातून. मी राह्यतो इथंच.”

हाताला काहीही झालेलं नव्हतं. तिला सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. सांगितलं असतं तर हात दुखतो असं खोटं का बोललो आणि चपराशाची जागा कशी गेली, दोन्ही सांगावं लागलं असतं. ती रगडत होती, मधूनच विचारत होती, “इथं दुखते?” आणि मी हो म्हणत होतो.