घाटाचे टायर

बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या वेगवेगळ्या कारखान्यांत नोकरी करणारे, पुण्या-नागपूरकडून आलेले आम्ही पाच जण. पाचही जणांच्या मोटारसायकलींना घाटाचे टायर होते. म्हणजे जाड रबरी ठोकळ्यांचे, चिखलात आणि खडीत पकड घेणारे. बंगळुरात ओळख झाल्या झाल्या आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, सकलेशपूरच्या घाटात जायचं ठरवलं आणि सगळ्यात आधी टायर बदलून घेतले. तयारी दणक्यात करायची, ही आमची जुनी खोड.

जाणं काही झालं नाही. दर गुरुवारी आमच्यातला सगळ्यात उत्साही गडी विचारतो, 'रविवारी पहाटे पाच, फिक्स?' सगळ्यांचे अंगठे येतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत एकाचं पोर तापानं फणफणतं, एकाची शिफ्ट लागते, एकाची सासू येते. मला कारण शोधावंही लागत नाही. जे. पी. नगरहून आठवडाभर क्लच दाबत जाऊन येऊन डावं मनगट इतकं भरून येतं, की रविवारी हँडलकडे बघवत नाही. त्यात हे टायर सिमेंटच्या रस्त्यावर सतत घुमतात. ओल्यावर तर पकडच घेत नाहीत. गेल्या पावसाळ्यात सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी आडवी होता होता राहिली. मागे बायको होती. तेव्हापासून ती रिक्षाने जाते.

परवा टायर बदलायची वेळ आली. साधे बसवायचे म्हणजे सकलेशपूर नाही, हे कबूल करायचं. एवढीशी गोष्ट, पण मला जड जात होती. पुण्यात मी सुट्टी मिळाली की ताम्हिणीत असायचो. तो माणूस मी अजून आहे, याला टायरांशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

"गाडी जास्त कुठे चालवता सर?" दुकानदाराने विचारलं. मी 'घाटात' म्हणणार, तेवढ्यात बरोबर आलेली बायको टायरपाशी वाकली. मधला पट्टा घासून सपाट झाला होता. कडेचे ठोकळे मात्र कोरे होते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेसुद्धा तिथे शाबूत होते.

"ही बाजू कधी रस्त्याला टेकलीच नाही का रे?"

"वळणावर गाडी कलली की टेकते."

तिने त्या कोऱ्या ठोकळ्यांवरून बोट फिरवलं. उगाच हसली असती तर बरं झालं असतं.

"साधे द्या," मी म्हणालो. "ऑफिसला जायचे."

"सरी सर," म्हणत दुकानदाराने होकारार्थी मान हलवली.

येताना ती मागे बसली. टायरांचा आवाज येत नव्हता. तिच्यासाठी बरं वाटलं आणि स्वतःसाठी वाईट वाटलं.

गुरुवारी नेहमीचा मेसेज आला. अंगठा द्यायला गेलेलं बोट मी मागे घेतलं आणि लिहिलं, 'मी साधे टायर बसवले. माझं काही जमणार नाही.'

आपण सगळ्यांचा विरस केला, असं वाटून मी फोन पालथा ठेवला. मग तो वाजायला लागला. नागपूरवाल्याने लिहिलं होतं, 'मी तर दिवाळीतच बसवले.' त्याच्याखाली, 'मी पण.' त्याच्याखाली आणखी एक, 'मी पण रे.'

शेवटचा मेसेज दर गुरुवारी विचारणाऱ्याचा होता.

'मी तर मागच्या वर्षीच गाडी विकली.'