उजव्या कडेची म्हातारी

ताटातली मसूर अर्धी निवडून झाली होती आणि आत्याचा हात तसाच हवेत थांबला होता. वहिनी गॅसपाशी उभी होती. पाठ न वळवताच तिने ओळखलं आणि म्हणाली, दिसत नसेल तर राहू दे, मी निवडीन, खडा दाताखाली आला की तुझा भाऊ मलाच बोलतो.

वहिनीच्या मनात वाईट नव्हतं. पण हल्ली त्या घरात दिसण्याचा विषय निघाला की सगळ्यांचाच आवाज मऊ व्हायचा आणि आत्याला तो मऊपणा जास्त झोंबायचा. ज्या बाईने जन्मभर डोळ्यांवर पोट भरलं, तिला कुणी 'जिना सांभाळून उतर गं' म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

आत्या चित्रांचे फोटो काढायची. माणसांचे नाही, लग्नामुंजीचे तर मुळीच नाही. संग्रहालयांतली, जुन्या घरांतली रंगवलेली चित्रं ती अशी टिपायची की मूळ चित्र उद्या जळालं तरी फोटोवरून त्याच्या रंगातली चीर न् चीर सांगता यावी. त्यासाठी तिच्याकडे मिडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा होता. चारचौघांच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा जो सेन्सर असतो, त्याच्या कितीतरी मोठा सेन्सर त्यात. तो बसवलेला असतो पाठीमागच्या एका वेगळ्या डब्यात, आणि तो डबा कॅमेऱ्यापासून काढता-घालता येतो. त्याला बॅक म्हणतात. "मुलीने लग्न केलं नाही, कॅमेरा केला," असं तिची आई हयात असताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात कौतुक किती न् कपाळाला हात किती हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

गेल्या वर्षापासून गावातल्या संग्रहालयाचं काम चालू होतं. छोटी दालनं झाली होती, मोठं दालन राहिलं होतं. हात थकायच्या आत ते दालन आपल्या कॅमेऱ्यातून जावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. देवापुढे हात जोडतानासुद्धा ती दुसरं काही मागत नसे.

मध्येच बॅक बंद पडली. कंपनी दूरदेशी. तिने बॅक पेटीत घालून पाठवली. कंपनीने कळवलं की ही दुरुस्त होण्यापलीकडे आहे, त्याच जातीची दुसरी पाठवतो. ती आली, नव्यासारखी चकचकीत. आत्याने कॅमेऱ्याला लावली, काम सुरू केलं आणि तिथपासून तिचे दिवस फिरले.

प्रत्येक फोटोची उजवी कड मऊ यायला लागली. मऊ म्हणजे रेषा विरघळल्यासारखी. घोड्यांच्या बाजाराचं एक मोठं चित्र होतं. त्यात उजव्या टोकाला मडकी विकणारी एक म्हातारी बसलेली. घोडे लख्ख, लगामाची शिवणसुद्धा लख्ख, आणि म्हातारीच्या तोंडावर जणू कुणी ओलं फडकं फिरवलेलं. कॅमेरा चित्राला अगदी समांतर नसला की असं होतं. समांतर आहे की नाही ते बघायची तिची रीत होती. चित्राच्या जागी आरसा टांगायचा, कॅमेऱ्यातून बघायचं, आणि भिंगाला आरशात स्वतःचंच बिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत स्टँडचे स्क्रू हलवायचे. तिने कित्येक सकाळी त्यात घालवल्या. आरसा म्हणायचा बरोबर, म्हातारी म्हणायची चूक.

मग संग्रहालयाचे प्रमुख एकदा चहा पाजून म्हणाले, बाई, वय कुणाला चुकलंय? आरसा बघायचा तो डोळ्यांनीच ना? भावाने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, काढायचा तर काढू. भावाने ऑपरेशनचा दिवस ठरवूनसुद्धा टाकला. हळूहळू आत्यालाही पटलं. शंका घ्यायची तर ती माणूस आधी स्वतःवरच घेतो, यंत्र बापडं मुकं. आणि आज दुपारी प्रमुखांनी 'मोठ्या दालनाचं काय ते बोलून टाकू' म्हणून बोलावलं होतं.

म्हणून हात हवेत थांबला होता.

वहिनी शेवटी हात पुसत आली, ताट तिच्या पुढ्यातून ओढून तिने उजेडाकडे फिरवलं. ताटाच्या एका कडेला पोचा आलेला होता आणि सगळे खडे त्या पोच्यात जाऊन बसले होते. आधी ते आत्याच्या उजव्या हाताला होते. ताट फिरलं तसे खडे ताटाबरोबर फिरून वहिनीच्या पोटाशी आले. खिडकी होती तिथेच होती, बघणारीही तीच होती.

आत्या त्या पोच्याकडे बघत राहिली. मग उठली, पायात चपला सरकवल्या. वहिनी म्हणाली, अगं, डाळ? आत्या म्हणाली, "वहिनी, मला यातला बारीकातला बारीक खडा दिसतोय. चष्म्याशिवाय."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत कॅमेरा स्टँडवर होता, घोड्यांचं चित्र समोर. ती बॅक आडवी लावता येते तशी उभीही लावता येते. मोठी चित्रं सगळी आडवी, म्हणून इतके महिने तिने ती कधी फिरवलीच नव्हती. आता काढली, उभी करून लावली, स्टँडला बोटही न लावता चित्रच डावीकडे सरकवलं, त्याच्या उजव्या भागाचा फोटो घेतला आणि पडद्यावर मोठा करून बघितला.

म्हातारी तिच्याकडे बघत होती. कपाळावरच्या रंगाला गेलेली चीर, पापणीवरचा पांढरा ठिपका, सगळं. मऊपणा आता खाली उतरला होता, मडक्यांच्या बुडाशी. म्हणजे खोट स्टँडमध्ये नव्हती, आरशात नव्हती, तिच्या डोळ्यांतही नव्हती. खोट बॅकबरोबर फिरत होती. सेन्सर आत एका बाजूने केसभर तिरका बसला होता. "देवा, डोळे ठेवलेस रे," असं ती मोठ्याने म्हणाली आणि तिथल्या स्टुलावर बसून पदराने तोंड पुसत राहिली.

आनंद जेमतेम डोळे पुसेपर्यंत टिकला. कारण लगेच तिला कंपनीतले जुने दुरुस्तीवाले आठवले. बॅक आणि बॉडी, म्हणजे कॅमेऱ्याचा पुढचा भाग, कारखान्यात जोडीने जुळवतात, कोपऱ्याकोपऱ्याला कागदाहून पातळ पत्रे घालून. ते दुरुस्तीवाले फोनवर बजावायचे, ही नवराबायको आहेत, पाठवायची तर दोघांना पाठवा, एकाला पाठवाल तर परत येणारा दुसऱ्याच घरचा निघेल. आत्या हसून म्हणायची, म्हणून तर मी एकटी राहिले. हे सगळं ठाऊक असून तिने एकटी बॅक पाठवली होती. का, तर स्टँडवर कॅमेरा आरशासमोर इतका सुरेख सुतात लागला होता की तो हलवायला तिचा जीव होईना. आपणच लावलेल्या सुतावर आपणच भाळली, आणि त्याच सुताने गळा आवळला.

तिने कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाज साखरेत घोळवलेला. आत्याने पत्र्यांचं सांगितलं, बॉडी आणि बॅक दोन्ही पाठवते म्हणाली, त्या दुरुस्तीवाल्यांना विचारा म्हणाली. मुलगी म्हणाली, तो विभाग आता नाही. मालक बदलले, मग आणखी एकदा बदलले. आता कंपनी विमानातून जमिनी मोजायचे आणि कारखान्यात माल तपासायचे कॅमेरे बनवते. आत्याने विचारलं, त्यातून बघायचं कुठून?

"बघायची खिडकी नसते त्यांना," मुलगी म्हणाली. "आमच्या कॅमेऱ्यामागे आता माणूस नसतो."

आणखी काही मदत करू का, असंही विचारलं तिने. शिकवलेलं असतं त्यांना.

तरी आत्या हरली नव्हती. खोट कुठे आहे ते कळलं की त्या खोटीसकट काम करता येतं. बॅक उभी लावायची, चित्र तुकड्यांत घ्यायचं, मऊ भाग गाळायचा, तुकडे जुळवायचे. वेळ लागेल, पण मोठं दालन होईल. आधीचे फोटोही परत काढता येतील. तिने म्हातारीचे जुना आणि नवा असे दोन्ही फोटो छापून घेतले, प्रमुखांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवले, आणि आरसा, ताट, पत्रे, नवराबायको सगळं एका दमात सांगितलं.

प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही फोटो खरंच बघितले, चष्मा वर करून बघितले. मग खिडकीकडे बघत म्हणाले की मोठं दालन एका कंपनीला देऊन झालंय. त्यांचं यंत्र भिंतीवरून स्वतःच सरकत जातं आणि फोटो काढतं. आरसा नको, स्टँड नको, आठवड्यात सगळं मोकळं. आणि हे आजचं नाही, तिची बॅक बिघडली त्याच्याही आधी ठरलेलं.

आत्याला क्षणभर समजेना. तिने विचारलं, मग माझे डोळे?

"तुम्हाला तोडून कसं सांगायचं, बाई? डोळ्यांचं निमित्त मिळालं, ते बरं वाटलं."

आत्याने मऊ आलेल्या फोटोंचं विचारलं, ते तरी परत काढू द्या म्हणाली, पैसे नकोत. प्रमुख म्हणाले की ते पुस्तकासाठी छापायला गेले. तळहाताएवढे छापणार, म्हातारी तीळभर दिसेल, कुणाला कळतंय? आणि समजूत घालावी तसं म्हणाले, खाली तुमचं नाव आहे हं, मी आग्रहाने घालायला लावलं.

ते फोटो तिच्या नावाने राहणार होते. उद्या चित्र जळालं तर जगाजवळ तीच पुसलेली म्हातारी उरणार होती, आणि खाली आत्याचं नाव.

तिने चांगला आलेला फोटो टेबलावरच ठेवला, मऊ आलेला पिशवीत घातला. जिना उतरताना शिपाई सवयीने म्हणाला, आत्याबाई, सांभाळून. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. फाटकापाशी येऊन ती पुन्हा देवाशी बोलली, पण या वेळी मनातल्या मनात. डोळे ठेवलेस, उपकार झाले. आता त्यांनी बघायचं काय, तेही तूच सांग.

घरी अर्धी मसूर तशीच पडली असेल किंवा वहिनीने निवडून शिजतही लावली असेल. आत्या घराच्या उलट्या दिशेला वळली. डोळ्यांचा दवाखाना बंद व्हायच्या आत तिला तिथे पोचायचं होतं, ऑपरेशन रद्द करायला.