लेंपीआत्याची मोजणी

आमच्या लेंपीआत्याचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, स्वतःची दुर्बीण आणि स्वतःचे डोळे. बाकी सगळं जग तिच्या लेखी संशयित. ती माझ्या नवऱ्याची, वेनची आत्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. सरोवराकाठच्या घरात एकटी राहायची. बर्फाने तिकडचा रस्ता बंद झाला की डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत मुक्काम आमच्याकडे. येताना एक पेटी, दुर्बीण आणि सूर्यफुलाच्या बियांची स्वतःची गोणी. आमच्या बियांवर भरवसा नाही!

यंदा मात्र तिने परत जाऊ नये असं माझ्या मनात होतं. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने एकटं राहू नये, हे मी सगळ्यांना सांगायचे. आमच्या मुलीला, क्रिस्टाला ते घर मिळावं, हे कुणाला सांगत नव्हते. फेब्रुवारीत आत्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिचं डोकं आता ठिकाणावर नाही असं त्यांनी म्हटलं असतं, तर वृद्धनिवासाचा विषय काढणं सोपं गेलं असतं. म्हणून मी तिच्या चुकांची यादी करायला घेतली. स्वयंपाकघरातल्या खणात, रुमालांच्या खाली ठेवायचे.

आत्याही लिहीतच होती. गावातले पंधरा-वीस जण हिवाळाभर आपापल्या परसातले पक्षी मोजून पाठवतात, त्यातली ती सगळ्यात जुनी. सकाळी सातपासून खिडकीत. वही बसायच्या उशीखाली, म्हणजे कुणी वाचायला नको.

"आज दाणे टिपायला नऊ चिकाडी आल्या," मी एकदा कौतुकाने म्हणाले.

"नऊ कुठल्या? तीन. त्याच त्याच परत येताहेत. एका वेळी दिसतील तेवढ्याच धरायच्या. तुला मोजता येत नाही, डार्ला."

दुपारी तिने बिया कुठवर आहेत ते पाहून गोणीवर खडूने रेघ मारली.

"माझ्या बिया कुणीतरी काढतंय."

"खारी असतील, आत्या."

"खार गोणीची गाठ पुन्हा बांधून ठेवत नाही."

ती झोपली असताना मीच त्यातल्या बियांनी पक्ष्यांचा फीडर भरला होता. पण तिचा तो सूर ऐकला आणि सांगायचंच नाही असं ठरवलं. यादीत लिहिलं, 'घरच्यांवर चोरीचा आळ घेते.'

जानेवारीच्या मध्यावर ती खिडकीतून ओरडली. आम्ही धावेपर्यंत पक्षी गेला होता. थ्रश होता म्हणे, पश्चिमेच्या डोंगरातला, नारिंगी गळ्याचा.

वेन हसला. "आत्या, रॉबिन असेल गं."

"रॉबिनच्या छातीवर काळा पट्टा असतो का रे?"

"पण तो इथे दोन हजार मैलांवर कशाला येईल?"

"वाट चुकला असेल. माणसं चुकतात, मग पक्ष्याने काय घोडं मारलंय?"

तिने वही उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. अनोळखी पक्षी लिहायचा तर दुसरा साक्षीदार लागतो, असा त्यांच्या मोजणीचा नियम. तो ती कुणासाठीही मोडणार नव्हती, स्वतःसाठीही नाही. मी मात्र यादीत लिहून टाकलं, 'नसलेले पक्षी दिसतात.' आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी आत्या जेवून लवंडली होती. मी भांडी घासत होते. खिडकीबाहेर स्प्रूसच्या झाडाखाली एक पक्षी सांडलेल्या बिया उचलत होता. नारिंगी गळा, डोळ्यावर नारिंगी रेघ, छातीवर काळा पट्टा. एक हाक मारली असती तर आत्या उठून आली असती. मी मारली नाही. तो उडून गेल्यावर बशी पुसून जागेवर ठेवली. यादीतली ओळ तशीच राहू दिली.

शनिवारी सगळ्यांची सौना, म्हणजे गरम वाफेची अंघोळ झाली, केस ओले, गाल लाल. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आम्ही टेबलाशी बसलो. आत्याने माझी यादी कपाशेजारी ठेवली.

"पुसायला रुमाल शोधत होते," ती म्हणाली. "अकरा चुका. सात तारखेला किटली जाळली. आठला किटली जाळली. नऊला पुन्हा तेच. अगं, किटली एकदाच जळली. तू ती रोज बघितलीस आणि रोज लिहिलीस."

वेनने माझ्याकडे पाहिलं. त्याला यादीचा पत्ताच नव्हता.

"बाकीच्या ओळींचं राहू दे," आत्या म्हणाली. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. "ही एक खरी असेल, तर मी वृद्धनिवासात जाते. डॉक्टरही नको. नसलेले पक्षी दिसतात का मला? सांग."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर घर क्रिस्टाचं होतं. तोंड उघडलंही होतं मी.

"तो पक्षी आहे," मी म्हणाले. "मी पाहिलाय."

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही झोपला होतात."

"आज शनिवार आहे, डार्ला," वेन म्हणाला.

"मला घर हवं होतं. क्रिस्टासाठी." माझा चेहरा शरमेने तापला होता.

आत्याने उशीखालून वही आणली, थ्रश लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "सही कर. तारीख मंगळवारची घाल." मी घातली. तिने ती दोनदा वाचली.

"वेन, एक एप्रिलला मला घरी सोड."

"सोडतो, आत्या."

मग तिने माझी यादी ओढून घेतली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि अकराव्या ओळीखाली बारावी लिहिली. कागद माझ्या हातात देऊन कॉफी प्यायला लागली. लिहिलं होतं, 'डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला भाचेसुनेला चार दिवस लागतात. डॉक्टरांना दाखवावी.'