सहा आणि सात नंबरची जोडी

नवा बूट हातात आला की काका आधी त्यात हात घालायचे, बोटांनी आतली शिवण चाचपायचे. परत आलेला खोका उघडण्याआधी हुंगायचे. माणसाच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला की उठून उभे राहायचे. मोबाइलवरच्या दोन शब्दांच्या उत्तराखालीही 'आपला नम्र' लिहायचे.

या नम्रपणापायीच त्यांचं दुकान गेलं. मला ते अजून खरं वाटत नाही.

तीस वर्षं काकांनी एका मोठ्या दुकानात स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवले. ते दुकान बंद झालं. मग त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत खोके रचले आणि इंटरनेटवरच्या एका बाजारात स्वतःचं दुकान मांडलं. मी वरच्या मजल्यावर राहते. साहित्यात एम.ए. केलंय, म्हणून ते मला 'पदवीधर' म्हणतात. वयात पस्तीस वर्षांचं अंतर आहे, तरी आमचं जमतं.

न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांना पार पिळून काढलं. एकाने महिनाभर वापरलेले, तळाला डांबर चिकटलेले बूट परत केले. कारण लिहिलं, 'आवडले नाहीत.' एकीने फक्त डावा परत पाठवला.

"उजवा आवडला असेल," काकू म्हणाल्या. काका हसले नाहीत. वर त्या दोघांनी बाजाराकडे तक्रारीही केल्या होत्या, आणि त्या खऱ्या धरल्या गेल्या. बाजाराचा नियम असा की तिसऱ्या तक्रारीला दुकान बंद.

मग एक बाई आल्या. सहा नंबर मागवला. लगेच निरोप: 'उजवा चावतो.' काकांनी सात पाठवला. 'डावा निघून येतो. तुमच्याकडे माप कळणारं कोणी आहे का?' पुन्हा सहा, वेगळ्या बनावटीचा. 'परत उजवाच. तुम्ही बूट विकता की सूड उगवता?'

काकांनी विनंती केली, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ काढा, शेजारी पट्टी ठेवा, फोटो पाठवा. चार टोमण्यांसकट फोटो आला. काकांनी चष्मा पुसून तो पाहिला.

"डावा सहा, उजवा सात. जन्मभर चुकीचे बूट घालतेय बिचारी."

असे पाय त्यांनी स्टुलावर शेकडो पाहिले होते. तिथे ते काही न बोलता एक बूट आत न्यायचे, दुसऱ्या नंबरचा आणून पायात चढवायचे. गिऱ्हाईक चार पावलं चालायचं आणि खूश होऊन जायचं. तेच त्यांनी आता केलं. दोन खोके फोडले, एक जोडी केली.

"त्यांना सांगा आधी," मी म्हणाले.

"काय सांगू? बाई, तुमचे पाय सारखे नाहीत?"

"निदान चिठ्ठी टाका आत."

"पायात घातले की कळेल, पदवीधर. बूट बोलतो."

बाईंनी ते पायात घातलेच नाहीत. उलटे करून तळावरचे नंबर वाचले. तिसरी तक्रार आली: वेगवेगळ्या नंबरचे बूट पाठवून फसवणूक. उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुदत, नाहीतर हीही खरी धरणार.

मला वाटलं, दोन ओळींचं काम. मी सकाळीच लिहून आणलं: आपल्या पायांत एका नंबराचा फरक आहे.

"फरक नको. व्यंग काढल्यासारखं वाटतं."

मी लिहिलं: आपला उजवा पाय किंचित मोठा आहे.

"मोठा? असं कोणी बाईमाणसाला म्हणतं?"

मी लिहिलं: निसर्गाने प्रत्येकाची दोन पावलं निराळी घडवली आहेत.

"आपण बूट विकतो. कविता नाही."

"अहो, लिहा की सरळ," काकू आतून म्हणाल्या. "त्या बाईंनी तुम्हाला बोलायचं काही बाकी ठेवलंय का?"

"त्या बोलल्या म्हणून मी बोलू?"

साडेअकराला त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. लिहिलं, खोडलं. दुसरा कागद घेतला.

"काका, दहा मिनिटं राहिली. मी टाइप करते, तुम्ही नुसतं सांगा."

"थांब. शब्द सापडतोय."

बारा वाजले. बुटांचे सगळे फोटो गेले. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ उरली: हे दुकान उपलब्ध नाही. बाईंना निरोप पाठवायची खिडकीही त्यासोबत बंद झाली. काका उठून उभे राहिले, गिऱ्हाइकाचा फोन आल्यासारखे. एका वाक्यासाठी दुकान गेलं होतं, आणि ते वाक्य मला येत होतं.

त्याच आठवड्यात एक व्यापारी सगळे खोके उचलून घेऊन गेला. एकच घेतला नाही. त्यात डावा सात आणि उजवा सहा उरला होता.

त्या खोक्याखाली तो दुसरा कागद आहे. वर लिहिलंय, 'ताई, आपला उजवा पाय'. पुढे कोरं. तळाशी 'आपला नम्र' मात्र त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.